सतरा डब्यांची हाळी

"सतरा डबे बसवूनही लाइन तुंबतेच कशी, बाई?"

शेंडेबाई अंगणात पाट टाकून पावटे सोलत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

"बूट काढ आधी."

ऋत्विजने बूट काढले.

"आता बस. आणि नीट विचार."

तो बसला. पण नीट विचारायला डोकं ठिकाणावर लागतं, आणि ऋत्विज साबडेचं डोकं गेले चार दिवस ठिकाणावर नव्हतं.

एरवी हा मुलगा असा नव्हता. कोयनेच्या खोऱ्यातल्या सतरा गावांना इंटरनेट पुरवणाऱ्या एका लहानशा कंपनीत तो मुख्य इंजिनिअर होता. एक जाडजूड प्रबंध लिहिलेला, दोन परदेशवाऱ्या झालेल्या, आणि बोलायला लागला की समोरच्याला वाटावं, आपण आजवर उगाच जगलो. त्यातून पंचाईत अशी, की तो बहुतेक वेळा बरोबर असे.

त्याचं म्हणणं साधं होतं. इंटरनेट आजवर जागेला विचारत आलं. अमक्या शहरातल्या अमक्या मशीनकडे जा आणि ती वस्तू घेऊन ये. ऋत्विज म्हणे, जागा कशाला विचारायची? वस्तूलाच नावाने मागा. मोरघळच्या शाळेला सातवीचा विज्ञानाचा धडा हवाय ना? मग तेवढंच मागा. जवळपास ज्याच्याकडे असेल, तो देईल.

त्यासाठी त्याने गावोगावी साठवणीचा एकेक डबा बसवला. गावाने एकदा मागवलेली वस्तू त्या डब्यात राहायची आणि पुढच्या माणसाला गावातच मिळायची. गणपतीच्या आधी सतरा सरपंचांना एकत्र बसवून त्याने हे छातीठोकपणे सांगितलं होतं. टाळ्याही पडल्या होत्या.

...आणि लाइन तुंबतच होती.

खोऱ्यातून कराडकडे जाणारी ती एकुलती एक लाइन. रोज अकराला शाळाशाळांतून धडे सुरू झाले, की ती मान टाकायची. पडद्यावरच्या गुरुजींचं तोंड उघडं ते उघडंच राहायचं आणि वर्ग खूश व्हायचा. गुरुजींचा खरा राग यायचा तो पडद्याबाहेरच्या गुरुजींना.

काल मालकांचा, नानासाहेबांचा निरोप आला. आजचा दिवस बघतो. सुधारलं नाही, तर उद्या सकाळी गाडी पाठवून सगळे डबे उचलतो.

डबे गेले, की ऋत्विजचा शब्द गेला. खोऱ्यात पुन्हा कुणापुढे तोंड उघडायची सोय उरली नसती. म्हणून तो सकाळीच जीप काढायला लावून डोंगर चढून तळमाळाला आला होता. शेंडेबाईंनी टेलिफोन खात्यात जन्म काढला, मग कराडच्या कॉलेजात त्याला शिकवलं, आणि आता त्या इथे एकट्याच राहत होत्या. बाईंना उत्तर येत नाही असा प्रश्न त्याने अजून पाहिला नव्हता.

त्याने सगळं सांगितलं. आकडे सांगितले, आकृत्या काढून दाखवल्या. बाई ऐकत होत्या आणि पावटे सोलत होत्या.

"येताना बरोबर कोण होतं?"

"कोणी नाही, बाई. एकटाच आलो."

"जीप कोणी चालवली?"

"झोरेंनी."

"अच्छा. म्हणजे ते कोणी नव्हेत."

ऋत्विज ओशाळला. धोंडिबा झोरे कंपनीचा लाइनमन. पन्नाशीचा, याच डोंगरात वाढलेला धनगर. गावागावांमधली फायबर त्याने डोंगरावरून डोंगरावर आपल्या खांद्यावरून ओढून नेली होती. आत्ता तो कुंपणाशी उकिडवा बसून बाईंच्या कुत्र्याच्या कानातल्या गोचिड्या काढत होता, आणि दोघंही अगदी समाधानात दिसत होते.

"हा प्रश्न त्याला विचारलास?"

"त्यांना? बाई, ते वायरी जोडतात."

बाईंनी हातातली शेंग खाली ठेवली.

"तुला उत्तर हवंय, की माझ्याकडून हवंय?"

दोन्ही, असं म्हणायचं ऋत्विजच्या अगदी ओठांवर आलं होतं.

बाईंनी पुन्हा शेंग उचलली.

मग त्या म्हणाल्या, "दूध तापवून ठेवलंय. आता कोमट होईल. आणि घरात विरजण नाही."

बाईंचं वय झालं, असं ऋत्विजच्या मनात आलं आणि त्याला खरंच वाईट वाटलं.

"बाई, अकराला धडे सुरू होतात. आत्ता दहा वाजलेत..."

"म्हणूनच म्हणते, घाई कर. तिथे कडेला उभा राहा आणि हाळी दे."

डोंगराच्या एका सोंडेवरून दुसऱ्या सोंडेवर ओरडून काही मागायचं, ती हाळी. मोबाइलची रेंज दरीत उतरायला कुरकुर करते, हाळी बिनतक्रार उतरते.

"मी ओरडू?"

"का? सरपंचांपुढे तर चांगला खणखणीत ओरडला होतास म्हणे."

कुंपणाशी धोंडिबा खोकल्यासारखं काहीतरी करू लागला.

ऋत्विज कडेला गेला. खाली खोल घळ, पलीकडे एक सोंड, तिच्यामागे दुसरी. समोरच्या सोंडेवर धनगरवाड्याची चार छपरं दिसत होती. धनगरवाडा म्हणजे म्हशी, म्हशी म्हणजे दही. त्याने हिशोब बांधला, घसा साफ केला आणि आसपास कोणी बघत नाही ना, हे पाहून घेतलं. कुत्रा बघत होता.

"धनगरवाडाऽऽ!" तो ओरडला. "धनगरवाड्यात कोणी आहे काऽऽ? मी इंजिनिअर साबडे बोलतोयऽऽ!"

एक कावळा उडाला.

"शेंडेबाईंच्या घरून बोलतोयऽऽ! धनगरवाडाऽऽ!"

काही नाही... वारासुद्धा नाही.

त्याने वळून पाहिलं. धोंडिबाने तोंड कुत्र्याच्या पाठीत खुपसलं होतं आणि त्याचे खांदे गदगदत होते.

"धोंडिबा," बाई म्हणाल्या, "तू दे रे."

धोंडिबा उठला. हात पुसले, तोंडाशी धरले. आवाज चढवण्याऐवजी त्याने तो लांबवला.

"इरजऽऽण... हाय का गंऽऽ... इरजऽऽण..."

घळीच्या पोटातून, जिथे घर असेल असं कुणाला वाटलं नसतं तिथून, एका बाईचा आवाज आला.

"न्हाईऽऽ!"

ऋत्विजने सुस्कारा सोडला. पण तो आवाज तिथेच थांबला नाही. तोंड दुसरीकडे वळवावं तसा पाठमोरा होऊन तो पुढे गेला.

"इरजऽऽण... हाय का गंऽऽ..."

मग पलीकडून तिसरा आवाज. त्याच्याही पलीकडे एक चौथा, जेमतेम ऐकू येणारा. मग शांतता... आणि मग सगळं उलट्या दिशेने परत येऊ लागलं, एका सोंडेवरून दुसरीवर, शेवटी पायाखालच्या घळीतून.

"हायऽऽ! धाडतेऽऽ!"

"झालं," धोंडिबा म्हणाला आणि पुन्हा कुत्र्याकडे वळला.

"कोण होतं ते?" ऋत्विजने विचारलं.

"कोन की."

"म्हणजे? तुम्ही ओळखत नाही?"

"खालची बाई काशी आसंल. फुडं कुनी आईकलं, त्येच्या फुडं कुनी, आपल्याला काय ठावं? इरजण हाय म्हनली न्हवं?"

"पण मी एवढा ओरडलो, तर कोणी ओ दिली नाही."

धोंडिबाला उत्तर देणं जिवावर आलं होतं. त्याने एकदा बाईंकडे पाहिलं. बाईंनी मान हलवली.

"धनगरवाडा रिकामा हाय, सायेब. समदी रानात गेल्याती. तुमी वाडीला हाक मारली. वाडी काय इरजण देती व्हय?"

शेंडेबाई हसल्या. पदर तोंडाला न लावता, मोकळ्याने, पावट्याची परडी हलेपर्यंत हसल्या.

ऋत्विजचे कान तापले. जागेला विचारू नका, वस्तू मागा, हे सांगायला त्याने तीनशे वीस पानं लिहिली होती. त्या पानांवर दोन देशांत चर्चा झाली होती. आणि दरीच्या कडेला उभं केल्यावर त्याने जागेला हाक मारली, वर आपलं नाव आणि हुद्दा सांगितला. काय हवंय, ते तर सांगितलंच नव्हतं.

"एवढा लाजू नकोस," बाई डोळे पुसत म्हणाल्या. "मी इथे राहायला आले त्या वर्षी आठ दिवस गावांची नावं घेऊन घसा फोडत होते. शेवटी धोंडिबाच्या आईला माझी कीव आली. तिने शिकवलं."

"आय म्हनायची, बाई शिकलेली हाय, येळ लागंल," धोंडिबा म्हणाला.

वीसेक मिनिटांत चढ चढून एक बाई आली. हातात करवंटी, वर पळसाचं पान. पान सरकू नये म्हणून तिने ते अंगठ्याने दाबून धरलेलं. तिने करवंटी शेंडेबाईंच्या हातात दिली आणि पायरीवर टेकली.

ऋत्विजला राहवेना.

"मावशी, हे कुणाच्या घरचं?"

"मला काशीनं दिलं."

"आणि काशीला?"

"वरल्या अंगाच्या कुनीतरी. का वो?"

"नाही, सहज. म्हणजे मुळात घर कुणाचं?"

मावशीने बाईंकडे पाहिलं. हा बरा आहे ना, असा तो प्रश्न होता.

बाईंनी पान उचललं, करवंटी नाकाशी नेली, एक थेंब जिभेवर ठेवला. मग आत गेल्या. दुधात डाव फिरल्याचा आवाज आला. बाहेर आल्या त्या रिकामी होत आलेली करवंटी घेऊनच.

"बाई, तुम्ही विचारलंच नाही," ऋत्विज म्हणाला.

"काय?"

"कुणाचं आहे, किती हातांतून आलं..."

बाईंनी करवंटी त्याच्या नाकाखाली धरली.

"सांग."

त्याने वास घेतला. ताजा, गोडसर आंबट.

"...चांगलं आहे."

"मग?"

ऋत्विज करवंटीकडे बघत राहिला.

मग त्याचा चेहरा हळूहळू बदलत गेला, आणि तो बदलताना पाहून मावशी पायरीवरून उठून थोडी लांब जाऊन बसली.

प्रत्येक डब्याला त्याने स्वतःच्या हाताने एक हुकूम लिहून दिला होता. वस्तू आपल्या गावात नसेल, तर कराडला विचार. फक्त कराडला. शेजारच्या गावाला कधीच नाही, कारण शेजाऱ्याचा माल शिळा असेल, अर्धवट असेल, त्यात कुणी काही मिसळलेलं असेल. आणि त्याच वेळी प्रत्येक वस्तूवर ती तयार करणाऱ्याची मोहोर बसेल, अशी व्यवस्थाही त्यानेच केली होती. वस्तू कुठल्याही हातातून येवो, मोहोर पाहिली की खरं-खोटं डब्याला जागच्या जागी कळत होतं. इतकी चोख व्यवस्था करून तिच्यावर विश्वास तेवढा ठेवला नव्हता.

एकच धडा कराडहून रोज सतरा वेळा येत होता. त्याने सतरा गावांत सतरा डबे बसवलेच नव्हते. सतरा ऋत्विज बसवले होते. शेजाऱ्याला काही येत नाही, अशी खात्री असलेले.

"किती वाजले?" तो ओरडला.

"साडेधा," धोंडिबा म्हणाला.

ऋत्विज अनवाणीच जीपकडे धावला आणि लॅपटॉप घेऊन परत आला. बाईंच्या घरात तळमाळच्या डब्यावरून आलेली लाइन होती. ती जोडली आणि तो ओसरीवर मांडी घालून बसला. बोटं कळांवर ठेवली... आणि थांबली.

कुठल्या गावाचा शेजारी कोण, हे त्याला माहीत नव्हतं. ऑफिसातल्या नकाशावर सगळ्या रेघा शेवटी कराडला कशा पोचतात, तेवढंच त्याने पाहिलं होतं.

"झोरे..." तो म्हणाला. मग जरा थांबून, "झोरेमामा, मोरघळची फायबर आधी कुठे जाते?"

धोंडिबा त्याच्यासमोर येऊन बसला. अंगणातल्या धुळीत बोटाने रेघ ओढत बोलू लागला.

"मोरघळ त्ये पाचगळ. पाचगळचं उंबरशेत. उंबरशेताला दोन फाटं, एक वर तळमाळाला, एक खाली गव्हाणीला..."

सतरा गावं त्याने एका दमात घेतली. कुठेही अडला नाही.

"हे सगळं पाठ आहे तुम्हाला?"

"पाठ काय करायचं? हाळी जाती तशी वायर वढली. आवाज पोचतो तितं वायर पोचती. जवळ पडतं."

ऋत्विज लिहू लागला. नसेल तर शेजाऱ्याकडे माग. त्याच्याकडे नसेल, तर त्याने पुढे मागावं. कुणाकडेच नसेल, तेव्हा कराड. आणि वस्तूवरची मोहोर तपास, आणणाऱ्याचं तोंड बघू नकोस.

सतराव्या डब्याला हुकूम पोचला तेव्हा अकराला सहा मिनिटं होती.

खोऱ्यातल्या सतरा शाळांच्या घंटा कधी एका वेळी वाजल्या नव्हत्या, आणि मोरघळच्या हेडमास्तरांचं घड्याळ तर कायम पुढे. पहिली मागणी तिथूनच आली. सातवीचा विज्ञानाचा धडा. मोरघळच्या डब्याने पाचगळला विचारलं. पाचगळने उंबरशेतला. कुणाकडे नव्हता. मागणी कराडला गेली आणि धडा आला... एकदा.

ऋत्विजने ओठ दाताखाली धरला.

पाचगळची घंटा झाली. धडा मोरघळहून आला. उंबरशेतला तो पाचगळहून मिळू लागला.

मग पडद्यावर एक लाल खूण उमटली. उंबरशेतला मिळालेला धड्याचा एक तुकडा फाटका निघाला होता. ऋत्विज पडद्यावर वाकला. हीच, नेमकी हीच भीती त्याला होती...

डब्याने मोहोर पाहिली, तुकडा टाकून दिला आणि तोच तुकडा गव्हाणीकडे मागितला. गव्हाणीला तो दुसऱ्या बाजूच्या शेजाऱ्याकडून नुकताच मिळाला होता. लाल खूण गेली.

"काय झालं?" मावशीने लांबूनच विचारलं.

"नासकं व्हतं, टाकलं. दुसरीकडनं घेतलं," धोंडिबा म्हणाला. पडद्यावरचं त्याला फारसं कळत नव्हतं, पण ऋत्विजचा चेहरा त्याला वाचता येत होता.

अकरा वाजून दहा मिनिटं झाली. सतराही शाळांत धडा चालू होता. कराडच्या लाइनचा आकडा रोज या वेळी छताला टेकायचा. आज तो जेमतेम हलला होता.

ऋत्विजने लॅपटॉप बाजूला ठेवला, उठला आणि धोंडिबाला कडकडून मिठी मारली.

"सायेब, सायेब, गोचिडी हाय हातात!"

"असू दे!" ऋत्विज म्हणाला. त्याला इतका आनंद झाला होता, की तो मावशीच्याही पाया पडला. मावशीने आशीर्वाद दिला, पण जपून दिला.

साडेअकराला नानासाहेबांचा फोन आला.

"साबडे, आज धडा एकदाही थांबला नाही म्हणतात. दोन शाळांतली पोरं नाराज आहेत."

"हो, नाना."

"मग उद्याची गाडी नको ना?"

"नको, नाना. डबे राहू द्या."

फोन ठेवल्यावर त्याने लॅपटॉप मिटला. मग धोंडिबाजवळ सरकला.

"मामा, डब्यांनी शेजारी विचारायला हवं, हे तुम्हाला माहीत होतं?"

"व्हय की."

"कधीपासून?"

"पयला डबा टांगला तवापासनं."

"मग सांगितलं का नाहीत?"

धोंडिबाने गोचीड दगडावर ठेवली आणि शांतपणे दुसऱ्या दगडाने चिरडली.

"तुमी इचारलं कुटं? काय बी आडलं, की तुमी कराडला फोन लावता."

ऋत्विजला शरम वाटली. पण त्या शरमेत एक प्रकारचं सुखही होतं, कारण गेल्या चार दिवसांत पहिल्यांदाच आपण एकटे नाही असं त्याला वाटलं.

आतून फोडणीचा वास आला. बाईंनी चौघांची पानं घेतली. पावट्याची उसळ आणि भाकरी खाताना कुणी इंटरनेटचं नाव काढलं नाही. मावशी मात्र मधूनमधून ऋत्विजकडे बघून, आता बरं वाटतंय का, असं विचारत होती.

निघताना ऋत्विज बाईंसमोर वाकला. उठून उभा राहिला, पण पाय निघेना.

"बाई, उद्या नानासाहेब विचारतील. मग सरपंच विचारतील. हे कसं सुटलं, ते सांगावं लागेल."

"सांग की."

"पण नाव कुणाचं सांगू? तुमचं? मामांचं? की मामांच्या आईचं?"

बाईंनी उंबऱ्याशी पडलेले त्याचे बूट पायाने त्याच्याकडे सरकवले.

"विरजण कुणाचं, ते मी विचारलं होतं का? नाव सांगायचंच असेल, तर उत्तराचं सांग."